जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात

आमच्या काउंटरखाली एक पत्र्याचा डबा आहे. दुकान झाडताना रोज एखादा नट सापडतो, एखादा वॉशर, एखादी पिन. कुणाच्या मशीनची, कुठून पडली, काही पत्ता नाही. फेकायचा जीव होत नाही, म्हणून मी डब्यात टाकते. किश्श्यांचं पण तसंच झालंय बघा. ठरवून एक साठवला नाही, आणि आता डबा उचलायला गेलं तर उचलत नाही!

परवा माहेरी गेलते. बहिणींनी विचारलं, "त्या तेलकट दुकानात तुला करमतं तरी कसं गं?" मी सांगायला बसले ती दोन तास उठलेच नाही. त्यातलेच थोडे तुम्हाला सांगते.

युसूफ वडगावात, केजच्या रस्त्याला आमचं दुकान. पुढं पार्टचं काउंटर, ते माझं. मागं वर्कशॉप, ते अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे सासरे. ट्रॅक्टर, डिझेल इंजिन, मळणी यंत्र, कडबाकुट्टी, जे म्हणून बोल्टनं बांधलंय ते अण्णा उघडतात, आणि उघडलेलं परत बांधतात. दुसरं काम सगळ्यांना जमत नाही! आमचे हे मोटारसायकलवर केज, परळी करत माल आणतात. मला गिऱ्हाइकं वैनी म्हणतात, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी असली तरी.

*

दुकानाचा एक नियम आहे. पार्ट बदलला की जुना पार्ट डिझेलनं स्वच्छ धुवायचा, तारेनं चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नाव-गाव लिहायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "आपन काय काढलं ते मानसाला दिसलं पायजे," असं अण्णा म्हणतात. कुणी न्यायचं विसरलं तर तो मागच्या भिंतीवर खिळ्याला लागतो. भिंत आता दिसतच नाही.

एकदा तालुक्यातले एक पुढारी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, जीपची क्लच प्लेट बदलायला आले. कडक इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे. इथून सरळ लग्नाला निघालेले. काम झालं, अण्णांनी जुनी प्लेट पुढं केली.

"अण्णा, याचं मी काय करू?"

"काय बी करा. पर तुमची हाय."

दादांनी मेलेला उंदीर धरावा तशी ती दोन बोटांत धरली आणि गेले. मला वाटलं, हे गिऱ्हाईक गेलं हातचं!

महिन्याभरानं परळीच्या एका शोरूमवाल्याचा मला फोन. "वैनी, तुमी लोकांना ह्ये काय शिकवून ठेवलंय हो? दादा आलेत ब्रेक बदलायला, आन खुर्ची टाकून बसलेत. म्हनतेत, जुने ब्रेक कुठायत? मी म्हनलं टाकले. तर म्हनले, मग बदलले कावरून समजू? आमच्या वडगावात दाखवतेत!"

माझी मान जी ताठ झाली! त्या शोरूममध्ये आता जुना पार्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतात. अण्णा एकदा बघून आले. म्हणाले, "पिशवी लई भारी हाय."

*

आता मुक्ताबाईचं सांगते, कारण खरं सांगायचंय ते तिचंच आहे.

मुक्ताबाई धारूरच्या रस्त्याकडच्या एका वस्तीवरची. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, बाळूनं, पंधरा वर्षं कोयता चालवला. दिवाळी झाली की घराला कुलूप, टोळीबरोबर कारखान्याला, सहा महिने ऊसतोड. मग तिनं एक जुनं मळणी यंत्र घेतलं. गावोगाव फिरून मूग, सोयाबीन, तूर, ज्वारी काढून द्यायची. त्या यंत्रावर तीन वर्षं घराला कुलूप लागलं नाही. लेक रेखा तीन वर्षं एकाच शाळेत बसली आणि औंदा दहावीला आहे. त्यांच्या अख्ख्या वस्तीत आईबाप घरात असताना दहावीला बसणारी पहिली पोरगी!

यंत्र पहिल्यांदा घेऊन आली त्या दिवशी अण्णांनी विचारलं, "चालवतं कोन?"

बाळूनं बायकोकडं बोट केलं.

"मग पाना तुज्या हातात घे," म्हणून अण्णांनी तिच्या हातात पाना दिला. गिअरबॉक्सचे चार बोल्ट तिच्याकडून खोलवले, चार बसवून घेतले. बाकीचे गडी बघत उभे. एक जण म्हणाला, "जमतंय का बे हिला?" मुक्ताबाईनं चौथा बोल्ट आवळला, कपाळ पुसलं, म्हणाली, "उसाच्या मोळीपरीस हलकं हाय."

तर यंदा मुगाच्या मळणीत त्या गिअरबॉक्समधल्या मोठ्या गिअरचे चार दात गेले. अण्णांनी गिअर काढला, धुतला, चिठ्ठी बांधली, मुक्ताबाईच्या हातात दिला. ती घरी घेऊन गेली. हे लक्षात ठेवा.

नवा गिअर मी शोधायला लागले. केज झालं, अंबाजोगाई झालं, परळी झालं, लातूर झालं. सगळीकडं एकच उत्तर. "वैनी, त्ये मॉडेल बंद हाय."

*

अण्णांची कंपनीची परीक्षा एकच. एक सेल्समन नवं मशीन पिकअपमध्ये घालून आला. स्क्रीन, सेन्सर, मोबाईलवर ॲप. "अण्णा, हे मशीन तुमच्याशी बोलतं!"

"बोलू द्या की. संगं पाने येतेत का?"

"पाने लागणारच नाहीत अण्णा! झाकण कंपनीशिवाय कुणी उघडायचंच नाही. उघडलं की वॉरंटी गेली."

"आन रानात बंद पडलं तर?"

"आमचा इंजिनियर लॅपटॉप घेऊन येईल ना."

"कुठून?"

"पुण्याहून."

"मग संगं एक दोर द्या," अण्णा म्हणाले, "वढून न्यायला."

सेल्समन हसला, चहा पिला, धारूरकडं गेला. दुपारी मला फोन. आवाज अगदी बारीक. "वैनी... अण्णांकडे दोर आहे का?"

त्याचीच पिकअप घाटात उभी! डॅशबोर्डवर लाल दिवा, गाडी जागची हलेना. हीपण नवीच, सेन्सरवाली. अण्णा दोर घेऊन गेले, ओढून दुकानापुढं आणली, आणि बाजेवर बसून राहिले. सेल्समन म्हणतो, "बघा ना अण्णा." अण्णा म्हणतात, "झाकन उघडावं लागंल. वॉरंटी जाईल की तुमची!"

शेवटी त्यानं हात जोडले. "उघडा अण्णा. मी कुणाला सांगणार नाही."

एका वायरची पिन झिजून ढिली झालेली. डब्यातली पिन लागू पडली. आणि हो, जुन्या पिनेला चिठ्ठी बांधून अण्णांनी त्याच्या हातात दिली!

*

थोडं माझं पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही नुसती काउंटरला बसते.

लग्न होऊन आले त्या वर्षी एका शेतकऱ्याला मी नुसतं बघून, सारखाच दिसतो म्हणून दुसराच बेअरिंग दिला. बिचारा धारूरचा घाट चढून घरी गेला, आणि तोच घाट उतरून परत आला. आल्या आल्या पाणी मागितलं आणि दोन तांबे पिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा एवढंच म्हणाले, "पोरी, तोंड बगू नको. नंबर वाच."

त्या दिवसापासून मी कॅटलॉग घेऊन बसायला लागले. भाकरी थापताना कॅटलॉग, शेंगा फोडताना कॅटलॉग. आता परळीचे मोठे दुकानदार मला नंबर विचारतात.

माझ्या पोरीच्या वेळी दवाखान्यात होते. कळा सुरू झालेल्या. तेवढ्यात फोन वाजला. परळीचाच. "वैनी, त्या जुन्या पंपाच्या सीलचा नंबर काय हो?" मी एक कळ गेली की चार आकडे सांगायची, दुसरी गेली की पुढचे चार. नर्स चिडली. "अहो, तो फोन ठेवा! जोर लावा!"

"थांबा हो सिस्टर, त्यांचं इंजिन उघडं पडलंय!"

नंबर बरोबर निघाला. पोरगी पण झाली. दोन्हींची डिलिव्हरी त्याच दिवशी!

*

पण मुक्ताबाईच्या गिअरचा नंबर असून उपयोग नव्हता. माल कुणाकडंच नव्हता.

अण्णा म्हणाले, "मी करतो." जुना गिअर मुक्ताबाईकडून नमुन्याला मागून घेतला, परळीला जाऊन, ओळखीच्या लेथवाल्याजवळ दोन दिवस उभं राहून त्यांनी गिअर कापून आणला, आणि जुना नियमानं तिला परत दिला. काय सुंदर दिसत होता! बसवला, यंत्र चाललं, मुक्ताबाई सोयाबीनच्या मळणीला गेली. पेढे वाटायचेच बाकी होते.

आठव्या दिवशी बाळू गोणीत गिअर घेऊन आला. दात घासून गुळगुळीत. माप बरोबर होतं, पण लोखंड मऊ. कंपनीत भट्टीत घालून जे कडक करतात, ते इथं कुणी करून देणार?

चार गिऱ्हाइकं बसलेली. दुसरा कुणी असता तर यंत्राला नावं ठेवली असती, नाहीतर बाळूला. अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "मी केलेला पार्ट टिकला न्हाई. चूक माजी हाय." चाळीस वर्षांत हे वाक्य मागच्या भिंतीनं पहिल्यांदा ऐकलं असेल. मला त्या दिवशी अण्णांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा चालू मशीन बघून कधी वाटला नाही.

दोन दिवसांनी मुक्ताबाई आली. पदराखाली दोन कोयते. गंजलेले. काउंटरवर ठेवले.

"वैनी, अण्णांना म्हनावं, धार लावून ठिवा. टोळीचा मुकादम इचारून गेलाय. दिवाळी झाली की निगायचं."

"आणि रेखा?"

"ठिवीन कुनाकडं तरी. न्हाईतर... बगू." पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, एकटी कुणाच्या घरी ठेवायची, नाहीतर बरोबर उसाच्या फडात न्यायची. फडात नेली की दहावी संपली. हे तिला कळत होतं आणि मलाही.

अण्णांनी कोयते घेतले, चिठ्ठ्या बांधल्या आणि फळीवर ठेवून दिले. ती दर आठवड्याला विचारायला यायची. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "धार लावायचं मशीन बिगडलंय, मुक्ते."

आत ते मशीन खर्रखर्र चालू असायचं! तिलाही ऐकू यायचं. तरी ती तशीच माघारी जायची.

*

मग मी म्हटलं, दुकानदार गेले खड्ड्यात, आता सरळ कंपनीलाच फोन.

कंपन्यांच्या फोनचा मला दांडगा अनुभव. एका मोठ्या कंपनीला एकदा फोन लावला, तर तिथली बाई म्हणते एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग गाणं. फोन स्पीकरवर ठेवून मी दहा भाकरी थापल्या. अकराव्या भाकरीला फोन कट!

मुक्ताबाईचं यंत्र कोल्हापूरकडच्या एका लहानशा कंपनीचं. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला! तिथं तिसऱ्या रिंगला एका बाईनं फोन उचलला. "बोला, पार्ट्स."

जिवंत माणूस! मी इतकी गडबडले की आधी नमस्कारच केला. त्या पार्ट विभागाच्या कुलकर्णी मॅडम. नंबर सांगितला. त्या म्हणाल्या, "ताई, ते मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली हो. पण थांबा. मशीन कुणाचंय?"

आता पार्टवाल्यानं हे का विचारावं? पण विचारलं, म्हणून मी सांगितलं. मुक्ताबाई, बाळू, कोयते, रेखाची दहावी. मला वाटलं, आता हापण कट होणार.

"उद्या सकाळी मीच फोन करते," त्या म्हणाल्या. आणि केला! शपथ सांगते, दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत.

"ताई, गोडाऊन पालथं घातलं. एकही नग नाही. ड्रॉइंग पण नाही, कारखान्यात पाणी शिरलं तेव्हा जुनी कागदं गेली. पण आमचे मालक म्हणतात, आपण विकलंय तर आपणच द्यायचं. तुमच्याकडे मूळ गिअर आहे का? तुटका चालेल. दात मोजता आले पाहिजेत. बरोबर चिठ्ठी लिहून पाठवा."

मी ओरडलेच. "अण्णा! मूळ गिअर!"

अण्णा भिंतीकडं धावले. मग थांबले. कपाळावर हात मारला. गिअर भिंतीवर कुठला? आपल्याच नियमानं आपणच मुक्ताबाईच्या हातात दिलेला!

*

आमचे हे आणि अण्णा मोटारसायकलवर वस्तीवर निघाले. मी दुकान बंद करून मागं बसले. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण मला राहवेना.

"मुक्ते, तो मोडका गिअर कुठाय?"

मुक्ताबाईनं बाळूकडं बघितलं. बाळूनं जमिनीकडं.

"अण्णा," बाळू म्हणाला, "आमची एक शेळी लई वढाळ हाय. दुसऱ्याच्या पिकात जाती. तवा तिच्या गळ्यात लोढनं म्हनून... भोक बी होतं त्याला मदी... दोरी बराबर बसली."

"आन शेळी कुठाय?"

बाळूनं डोंगराकडं हात केला.

आता डोळ्यांपुढं आणा. कंपनीचं ड्रॉइंग पाण्यात गेलेलं, आणि त्या गिअरचा सगळ्या महाराष्ट्रातला एकुलता एक नमुना धारूरच्या डोंगरात शेळीच्या गळ्यात चरत फिरतोय! अख्खी वस्ती निघाली. अण्णा खालून ओरडतायत, "शेळीला मारू नगा बे! गिअरला मार लागंल!"

शेवटी रेखानं धरली. ती नुसती खडकावर बसली आणि "ये गं, ये" म्हणाली. शेळी लोढणं ओढत आपणहून आली.

अण्णांनी तिथंच खिशातल्या चिंधीनं गिअर पुसला, दात मोजले. चार गेलेले सोडून बाकी सगळे जाग्यावर. दोरीची गाठ इतकी घट्ट बसलेली की सुटेना, म्हणून कापून तुकडा तसाच राहू दिला. मी केजहून पार्सल केलं. सवयीनं चिठ्ठी बांधली आणि सवयीनंच लिहिलं, "मुक्ता, धारूर रोड वस्ती. जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यावा." लिहून झाल्यावर मलाच हसू आलं. कंपनीला कशाला सांगायचं हे? पण खोडलं नाही.

*

मग वाट बघणं. दिवाळी आली. मुक्ताबाईच्या घरी आकाशकंदील लागला नाही. पाडव्याला मुकादमाचा माणूस दुकानावर येऊन विचारून गेला, "मुक्ताचे कोयते झाले का?" अण्णा म्हणाले, "मशीन बिगडलंय." तो म्हणाला, "मग मी दुसरे देतो. उद्या टोळी निगती." अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्सल आलं. हे इतके घाईनं आले की मोटारसायकल स्टँडला न लावता तशीच आडवी टाकली.

मी कात्रीनं खोकं फाडलं. तेलाच्या कागदात गुंडाळलेला नवा गिअर. अण्णांनी त्याच्यावर कानस घासून बघितली. कानस घसरली, ओरखडा नाही. "पोलाद हाय," एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

खाली आणखी काहीतरी जड. मी काढलं. जुना गिअर. धुतलेला, लखलखीत, शेळीच्या दोरीसकट! माझीच चिठ्ठी बांधलेली. मागच्या बाजूला कुलकर्णी मॅडमचं अक्षर: "तुमच्या नियमाप्रमाणे परत. ड्रॉइंग पुन्हा तयार केलं आहे. पुढच्या वेळी फक्त नंबर सांगा."

मी रडले. काउंटरवर बसून, गिऱ्हाइकांपुढं, खुशाल रडले.

मुक्ताबाईला बोलावलं, यंत्र ट्रॅक्टरनं ओढून आणलं. बोल्ट तिनंच खोलले, तिनंच बसवले. इंजिनाला हँडल मारलं, यंत्र धडधडलं, आणि तिनं कान लावून बराच वेळ ऐकलं. सोयाबीनचा हंगाम निम्मा गेला होता, पण तूर होती, ज्वारी होती. मुकादमाचा ट्रॅक्टर रस्त्यावरून माणसं, भांडी, शेळ्या घेऊन गेला. हॉर्न वाजवला. तिनं हात केला आणि परत गिअरबॉक्सकडं बघितलं.

अण्णांनी जुना गिअर तिच्या हातात दिला. तो तिनं पिशवीत घातला. "शेळीचा हाय," म्हणाली. मग अण्णांनी फळीवरचे दोन कोयते काढले, तसेच गंजलेले, आणि तेही पुढं केले.

तिनं ते घेतले. भिंतीपाशी गेली. दोन रिकामे खिळे शोधले आणि कोयते त्यांना अडकवले, क्लच प्लेटा आणि बेअरिंगांच्या मधोमध.

अण्णा म्हणाले, "मुक्ते, जुना पार्ट गिऱ्हाइकानं घरी न्यायचा असतोय."

"घरी नगं, अण्णा," ती म्हणाली. "घरी लेक हाय."